भारांकांचा तक्ता ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे

सिमेंट नालाबांध कुठे घालायचा, शेततळे कुणाच्या वावरात खणायचे, कोणत्या तलावातला गाळ आधी काढायचा, हे प्रश्न विदर्भातल्या गावांत आता नकाशावर सुटू लागले आहेत. गावाच्या जलसंधारण आराखड्याला जोडलेल्या नकाशात शिवार हिरवे, पिवळे, लाल रंगवलेले असते. हिरवे ते अतिशय योग्य, लाल ते अयोग्य. नकाशा भिंतीवर लागला की लोक पुढे होऊन आपला गट नंबर शोधतात. 'हे सॅटेलाइटवरून आलं आहे' असे कुणीतरी सांगतो, आणि चर्चा तिथेच आटोपते.

सॅटेलाइट यातले काहीच ठरवत नाही. त्याने जमिनीवरून परतलेला प्रकाश मोजलेला असतो, एवढेच. त्या मोजणीचे हिरव्या-लाल रंगात रूपांतर करताना कार्यालयात बसलेल्या कुणीतरी निकष निवडलेले असतात, प्रत्येक निकषावर जमिनीला गुण दिलेले असतात आणि कोणता निकष किती वजनाचा हे ठरवलेले असते. हे वजन म्हणजे भारांक. गुण देणे हे तांत्रिक काम आहे, ते जाणकारानेच करावे. पण रस्त्याची सोय मोठी की उन्हाळ्यातली तहान मोठी, याचे उत्तर कोणत्याही यंत्रात नसते. ते गावाने द्यायचे असते. म्हणून भारांकांचा तक्ता नकाशाच्या आधी ग्रामसभेपुढे यावा, वाचला जावा आणि तिथेच ठरावा, असे आमचे म्हणणे आहे.

पद्धत समजायला अवघड नाही. उतार, मातीची खोली, खडकाचा प्रकार, नाल्याची श्रेणी, जमिनीचा सध्याचा वापर, रस्त्यापासूनचे अंतर, असा प्रत्येक निकषाचा जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशाप्रणालीत, एकेक थर करतात. सगळे थर एकाच मापाच्या चौकोनांत कापतात, बहुधा ३० बाय ३० मीटरच्या. प्रत्येक चौकोनाला प्रत्येक निकषावर १ ते ९ गुण देतात, गुणाला त्या निकषाच्या भारांकाने गुणतात आणि सगळ्यांची बेरीज करतात. भारांकांची बेरीज १ ठेवायची असते. भारांक काढायला गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली एएचपी पद्धत सर्रास वापरली जाते. निकषांच्या जोड्या लावून विचारायचे: उताराच्या मानाने खडक किती महत्त्वाचा? सारखाच असेल तर १, थोडा अधिक असेल तर ३, बराच अधिक असेल तर ५, कमालीचा अधिक असेल तर ९. सहा निकषांच्या पंधरा जोड्या होतात. उत्तरे एकमेकांना छेद देत नाहीत ना, हे सुसंगती गुणोत्तरावरून कळते. ते ०.१० च्या आत असले की तक्ता स्वीकारतात.

या गुणोत्तराचा अर्थ मात्र बहुतेक अहवालांत वाढवून सांगितला जातो. 'गुणोत्तर ०.१० पेक्षा कमी, सबब भारांक शास्त्रीय आहेत' असे वाक्य हमखास असते. गुणोत्तर एवढेच सांगते की उत्तर देणारा स्वतःच्याच बोलण्याच्या विरुद्ध गेला नाही. रस्त्याची जवळीक सगळ्यात महत्त्वाची मानणाराही नेमाने उत्तरे देत गेला तर ०.०२ आणू शकतो. त्याने दिलेले महत्त्व गावाला मान्य आहे का, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

एक उदाहरण आकड्यांनी पाहू. समजा, यवतमाळ जिल्ह्यातले डोंगरपायथ्याचे एक गाव आहे आणि पैसे एकाच नालाबांधापुरते आहेत. जागा दोन. पहिली गावठाणाजवळ, डांबरी रस्त्याला लागून. दुसरी दीड किलोमीटर वर, कोलाम आदिवासींच्या पोडाखाली (पोड म्हणजे त्यांची वस्ती), जिथे मार्चनंतर विहिरीला पाणी राहत नाही. निकष चार: पाणी मुरण्याजोगा खडक, नाल्याचा उतार, रस्ता, टंचाई. पहिल्या जागेचे गुण अनुक्रमे ५, ८, ९, २. दुसऱ्या जागेचे ७, ५, ३, ९. कार्यालयाने भारांक धरले खडक ०.३५, उतार ०.३०, रस्ता ०.२५, टंचाई ०.१०. पहिल्या जागेची बेरीज ६.६० येते, दुसरीची ५.६०. पूर्ण एका गुणाचा फरक, गावठाणाजवळची जागा हिरवी, विषय संपला. आता रस्त्याच्या वजनातून फक्त ०.०८ काढून टंचाईला द्या. रस्ता ०.१७, टंचाई ०.१८. पहिल्या जागेचे ६.०४ होतात, दुसरीचे ६.०८. निकाल उलटला. शंभरातले आठ पैसे इकडचे तिकडे केले आणि बांध दीड किलोमीटर सरकला.

हे आठ पैसे कुणी ठरवले? मुद्दाम कुणाला वगळायचे म्हणून कुणी असे करत नाही. पोकलेन, सिमेंट, रेती जागेवर न्यायची असते, मार्चअखेर काम संपवायचे असते. अशा वेळी रस्त्याला वजन देणे अगदी साहजिक वाटते. पण ती अंमलबजावणी करणाऱ्याची सोय आहे आणि नकाशावर ती जमिनीचा गुण म्हणून उमटते. मोठ्या वावरांचे मालक बहुधा रस्त्याकडेला, बरडावर आणि डोंगराच्या कुशीत गरीब, अशी वस्ती असलेल्या गावात या एका निकषामुळे वर्षानुवर्षे एकाच बाजूला कामे जात राहतात.

भारांकात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती अनुभवी लोकांच्याही नजरेतून निसटते. ०.२५ हा आकडा कोणत्या टप्प्यावर मोजला यावर त्याचे खरे वजन ठरते. रस्त्यापासून ६०० मीटरवरची एक जागा घ्या. तालुक्याचा नकाशा करताना सगळ्यात दूरची जागा ४,००० मीटरवर असेल, तर सरळ मापाने या जागेला १ पैकी ०.८५ गुण मिळतात. त्याच गावापुरता नकाशा केला आणि सगळ्यात दूरची जागा ८०० मीटरवर निघाली, तर तिला ०.२५ मिळतात. जमीन तीच, रस्ता तोच, भारांकही तोच. म्हणून तालुक्यासाठी काढलेले भारांक उचलून गावाला लावणे चूक आहे, आणि तक्त्यात भारांकाशेजारी निकषाचा किमान-कमाल टप्पा लिहिलेला नसेल तर तो तक्ता अपुरा आहे.

रंग पाडतानाही असेच घडते. बेरजा काढून झाल्यावर सॉफ्टवेअरला पाच वर्ग पाडायला सांगतात. समान संख्येचे वर्ग निवडले तर शिवाराचा वरचा पाचवा हिस्सा 'अतिशय योग्य' म्हणून हिरवा होणारच, गावात एकही धड जागा नसली तरी. वर्गाच्या सीमा नकाशा करण्याआधी ठरलेल्या हव्यात, उदाहरणार्थ ९ पैकी ६.५ च्या वर असेल तरच हिरवा. मग एखाद्या गावाच्या नकाशात हिरवा ठिपकाही दिसणार नाही, आणि ती माहिती खरी असेल.

आता निकषाच्या दिशेबद्दल, कारण सगळ्यात महागडी चूक इथे होते. 'जलसंधारण सुयोग्यता' असा एकच नकाशा करून त्यावर पाझर तलाव, नालाबांध आणि शेततळी तिन्ही बसवली जातात. पाझर तलावाखाली पाणी मुरायला हवे, म्हणजे खाली झिजलेला, भेगाळ बेसाल्ट किंवा मुरूम असेल तर गुण जास्त. शेततळ्यात पाणी टिकायला हवे, तिथे त्याच मुरमाला गुण कमी. थर एकच, दिशा उलट. मुरमात खणलेल्या, प्लास्टिकचे अस्तर नसलेल्या ३ मीटर खोल तळ्यातून दिवसाला ५ सेंटीमीटर पाणी मुरले, तर साठ दिवसांत तळ उघडा पडतो. सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेले तळे नोव्हेंबरअखेर कोरडे, आणि हरभरा घाटे धरतो तो त्यानंतर. वरून ३० बाय ३० मीटरचे, कडेला एकास एक उताराचे असे तळे साधारण २,१९६ घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटर पाणी धरते. पाच सेंटीमीटरचे एक ओलीत दोन हेक्टरला द्यायला हजार घनमीटर लागतात. हिशोबाने दोन ओलिते निघतात. एक चुकीचा गुण दोन्ही घेऊन जातो.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर ही दिशा फारच जपून ठरवावी लागते. खाली खारे पाणी, वर खोल चिकण काळी, कुठे चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेली. तिथे पाणी जमिनीत मुरवण्याला जास्त गुण देणारा तक्ता गोडे पाणी खाऱ्या थरात घालवतो. त्या मातीचा दोष, पाणी न मुरणे, शेततळ्यासाठी मात्र उपयोगाचा. म्हणून कामाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा तक्ता लागतो. बेसाल्टच्या गावासाठी केलेला तक्ता दर्यापूर-मूर्तिजापूरकडे नेऊन चालत नाही.

पूर्व विदर्भात अडचण वेगळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कोहळी समाजाच्या कारागिरीतून उभे राहिलेले जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, साखळीने जोडलेल्या आहेत. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्यात येते. चौकोनागणिक बेरीज करणारी पद्धत प्रत्येक तलावाला एकटा समजते. दुरुस्तीचा क्रम लावायचा तर एकक तलाव असावा, आणि त्याच्या वर-खाली कोण आहे हाही निकष असावा.

थरांच्या विश्वासार्हतेकडे वळू. उंचीचा थर बहुधा एसआरटीएम या अवकाशयानातून झालेल्या मोजणीचा किंवा कार्टोसॅट या भारतीय उपग्रहाच्या प्रतिमांवरून केलेला, ३० मीटरचा असतो. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधली आहे. डोंगराळ भागात तो बरे काम देतो. पण पूर्णेच्या मैदानात किलोमीटरभरात जमीन एखाद-दोन मीटरच उतरते, म्हणजे एका चौकोनात फरक तीन ते सहा सेंटीमीटर, आणि थराची स्वतःची चूक काही मीटरची. अशा थरावरून काढलेले नाले कागदावर छान फांद्या फुटलेले दिसतात, शिवारात मात्र तिथे सलग तूर उभी असते. शिवाय समृद्धी महामार्गाचा भराव वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्यातून गेला तो या मोजणीनंतर कितीतरी वर्षांनी. भरावाने पाणी कुठे अडले आणि कोणत्या मोरीतून एकवटून निघते, हे २००० सालच्या उंचीला ठाऊक असणे शक्य नाही. धुऱ्यावर उभा राहणारा शेतकरी ते एका वाक्यात सांगतो.

मातीचा नकाशा १:२,५०,००० प्रमाणाचा असेल तर त्यावरची एक मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५० मीटर जाडीची होते. संगणकात तो मोठा करून गट नंबरवर बसवता येतो, त्याने तो अचूक होत नाही. एकाच वावराच्या वरच्या अंगाला बरड आणि खालच्या अंगाला दोन हात काळी, हे आपल्याकडे नेहमीचे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो या संस्थांकडे मोलाचे थर आहेत. ते कोणत्या प्रमाणावर केले आणि कोणत्या प्रमाणापर्यंत वापरावेत, हे तक्त्यावर लिहिले गेले पाहिजे.

दोन अगदी साध्या चुका नोंदवून ठेवतो, कारण त्या वारंवार सापडतात. एक, उतार अंशांत काढायचा आणि गुण टक्क्यांच्या तक्त्यावरून द्यायचे. ३ अंश म्हणजे ५.२ टक्के, तेव्हा चढाची जमीन सपाट ठरते. दुसरी, ७८ अंश पूर्व रेखांशाची. यूटीएम या, पृथ्वीचे रेखांशांनी पट्टे पाडणाऱ्या नकाशा-पद्धतीचा ४३ वा पट्टा तिथे संपतो आणि ४४ वा सुरू होतो. ही रेघ यवतमाळ जिल्ह्याच्या मधूनच जाते: पुसद, दारव्हा ४३ मध्ये, यवतमाळ शहर ४४ मध्ये. जिल्ह्याचे थर गोळा करताना अर्धे एका पट्ट्यात, अर्धे दुसऱ्यात राहिले आणि कुणी चुकीचा पट्टा लिहून ठेवला, तर गावच्या गाव नकाशावर शेकडो किलोमीटर सरकते. एवढी मोठी चूक लगेच दिसते. जुना कापडी गावनकाशा बसवताना झालेली पंधरा-वीस मीटरची चूक दिसत नाही, आणि शेततळे शेजाऱ्याच्या धुऱ्यात जाते.

जिथे काम करताच येणार नाही, ती जमीन बेरजेत घेऊच नये. बेरजेच्या पद्धतीत एका निकषावरची कमतरता दुसऱ्यावरच्या गुणांनी भरून निघते. उताराच्या आणि खडकाच्या बाबतीत ते काही अंशी चालते, कायद्याच्या बाबतीत चालत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले झुडपी जंगल हे याचे ठळक उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालानंतर ही जमीन वन म्हणूनच धरावी लागते. उपग्रहाच्या जमीन-वापर थरात तीच जागा 'पडीक' म्हणून येते आणि पाझर तलावासाठी तिला सर्वाधिक गुण मिळतात, कारण कुणाचे पीक बुडत नाही. तिथे काम करूच नये असे नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपले वन राखण्याचा, वाढवण्याचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला आहे. पण तो रस्ता वेगळा आहे आणि नकाशावर त्याची खूण वेगळी हवी. ई-क्लास, म्हणजे चराईच्या सरकारी जमिनीवरची वहिवाट, स्मशानभूमी, देवस्थानाची जागा, पांदण हेही असेच आधी वगळायचे, आणि त्यातले निम्मे सातबाऱ्यावरून कळत नाही, शिवारफेरीतूनच कळते.

मग भारांक ग्रामसभेत ठरवायचे कसे? पंधरा जोड्यांचे प्रश्न सभेत विचारून काही हाती लागत नाही. लोक पाचव्या जोडीला कंटाळतात आणि पुढची उत्तरे कशीही देतात. त्याऐवजी वाट्या मांडाव्यात. निकषागणिक एक वाटी, तिच्यापुढे निकषाची खूण: मुरमाचा खडा, उताराला कलती ठेवलेली फळी, टंचाईला रिकामी घागर. प्रत्येक गटाला १०० तुरीचे दाणे मोजून द्यायचे आणि वाट्यांत वाटायला सांगायचे. बायका वेगळ्या, भूमिहीन आणि अल्पभूधारक वेगळे, बागायतदार वेगळे, पोड किंवा टोला अशी गावाबाहेरची वस्ती असेल तर ती वेगळी. दाणे टाकण्याआधी प्रत्येक निकषाचा टप्पा सांगायचा: रस्ता जवळात जवळ ५० मीटर, लांबात लांब ८०० मीटर, या फरकाला किती दाणे? वाटीतले दाणे मोजले, शंभराने भागले, की भारांक झाला. उतार, नाल्याची घनता आणि ओलाव्याचा निर्देशांक हे तिन्ही एकाच उंचीच्या थरातून निघतात. त्यांना तीन वाट्या दिल्या तर उताराला तिप्पट वजन मिळते, तेव्हा त्यांची वाटी एकच ठेवावी.

गटांची सरासरी लगेच काढायची घाई करू नये. सरासरीत चार घरांचे पोड विरघळून जाते. प्रत्येक गटाच्या भारांकांनी वेगळा नकाशा काढावा. ८०० हेक्टरच्या शिवारात ३० मीटरचे जेमतेम ८,९०० चौकोन होतात. क्यूजीआयएस हे नकाशाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर एवढी बेरीज काही सेकंदांत होते. चारही नकाशांत हिरवे राहिलेले चौकोन बिनवादाचे, तिथे काम धरावे. एकात हिरवे आणि दुसऱ्यात लाल असलेल्या चौकोनांवर सभेने बोलावे, कारण वाद खरा तिथेच आहे. त्यानंतर हिरव्यातल्या पाच आणि लालातल्या पाच जागांवर जाऊन दीड मीटरचा खड्डा घ्यावा, मातीचे थर पाहावेत, खड्डा पाण्याने भरून जमीन भिजू द्यावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून चोवीस तासांत पाणी किती उतरले ते मोजावे. दहापैकी चार जागा नकाशाशी जुळल्या नाहीत तर भारांकांना हात लावू नये. आधी थर तपासावेत.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा की लोक भूशास्त्र न पाहता आपल्या विहिरीजवळचीच जागा मागतील. गुण आणि वगळण्याच्या जागा तज्ज्ञांच्या हाती राहिल्या तर हा धोका आटोक्यात राहतो. घट्ट कातळावरच्या चौकोनाला मुरण्याचे गुण १ आहेत, ते तुरीच्या दाण्यांनी ७ होत नाहीत. शिवाय प्रत्येक निकषाला किमान पाच दाणे आणि ठरावीक गुणाखाली जागाच बाद, अशा दोन अटी आधी जाहीर करता येतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे. ग्रामसभाच चार वजनदार माणसांच्या मुठीत असेल तर दाणेही तेच टाकतील. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच गट वेगळे करायचे आणि प्रत्येक गटाचे आकडे नावानिशी नव्हे तर गटानिशी इतिवृत्तात उतरवायचे. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रात पोडाला, टोल्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. तिथे वाट्या पोडावरच मांडाव्यात. आणि मुठीतल्या ग्रामसभेवर तोडगा म्हणून भारांक बंद खोलीत ठरवायचे, तर त्या खोलीत पोडावरचा माणूस मुळीच नसतो.

वेळ नाही, ही सबब मात्र मान्य करता येत नाही. वाट्यांचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. शिवारफेरी आधीच आराखड्याचा भाग आहे. तिच्याच संध्याकाळी हे करता येते.

आराखड्याला जोडायचा कागद एका पानात मावतो. निकष, त्याचा टप्पा, गुण देण्याची दिशा, गटवार दाणे, थराचा स्रोत, वर्ष आणि प्रमाण, वगळलेल्या जमिनींची यादी, खड्ड्यांचे निकाल. हे पान मराठीत, नकाशाच्याच आकारात छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर सभेच्या आठ दिवस आधी लागावे. सभेच्या दिवशी लॅपटॉप टेबलावर उघडा असावा. पोडावरून आलेल्या एखाद्या बाईने विचारले, 'रस्त्याचे आठ दाणे घागरीत टाकले तर काय होते?', तर ते आठ दाणे तिथेच उचलून घागरीच्या वाटीत टाकावेत आणि नकाशा तिच्यासमोर पुन्हा काढावा.